फिशटँकचा घरगुती ओव्हरफ्लो: विकण्याआधी स्वतःच्या घरात पाणी सांडून घ्या



व्हिडिओत तुम्ही मला पाइप कापताना, जोडताना आणि शेवटी पाणी वाहताना बघितलं. बघायला मजा येते. पण व्हिडिओत आकडेमोड नीट दाखवता येत नाही, आणि या कामात नफा की तोटा हे त्या आकडेमोडीवरच ठरतं. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा.

व्हिडिओ टाकल्यावर एका तरुण दर्शकाने मला विचारलं, "सर, मी दोन टँकची ऑर्डर घेतलीये, अॅडव्हान्सही घेतलाय. रविवारी बसवायला जाऊ ना?" मी विचारलं, "घरी किती दिवस चालवून बघितलंस?" तो म्हणाला, "काल संध्याकाळी दोन तास चालवलं, एक थेंब गळला नाही."

मी त्याला रविवारी जाऊ नको म्हटलं. का, ते सांगण्यासाठी आधी माझी फजिती सांगतो.

माझी पहिली ऑर्डर आणि सकाळचा फोन

माझी पहिली ऑर्डर होती एका दवाखान्याच्या वेटिंग रूममधली. तीन फुटी टँक, खाली कपाटात फिल्टरची छोटी टाकी, पाइपचं सगळं काम माझं. मीही दोन तास चालवून बघितलं, फोटो काढले, उरलेले पैसे घेतले आणि घरी आलो. रात्री लाइट गेली. सकाळी डॉक्टरांचा फोन आला. फरशीवर पाणी, कपाटाचं प्लायवूड खालून फुगलेलं, आणि पंप बंद. मासे वाचले, एवढंच नशीब.

चूक कुठे होती? वर पाणी नेणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीजवळ एक छोटं भोक पाडायचं राहिलं होतं. एक भोक! त्या ऑर्डरमध्ये मला जे मिळालं त्यापेक्षा जास्त पैसे कपाट दुरुस्त करून देण्यात गेले. आणि त्या दवाखान्यातून पुढे जी ओळख मिळायला हवी होती, ती मिळाली नाही.

हे भोक का हवं, त्याचा हिशोब खाली येतोच. आधी मूळ गोष्ट समजून घ्या.

ओव्हरफ्लो म्हणजे काय?

तुमच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. वरच्या बाजूला एक पाइप बाहेर काढलेला असतो. टाकी भरली की त्यातून धार लागते आणि कुणीतरी ओरडतं, "मोटर बंद करा!" त्या पाइपच्या वर पाणी चढत नाही. तोच ओव्हरफ्लो.

फिशटँकमध्ये हीच गोष्ट चोवीस तास चालू असते. वरच्या टँकमधून पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपने खाली पडतं. खाली दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. संपात पाणी गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. खाली येताना गुरुत्वाकर्षण, वर जाताना पंप.

ग्राहकाला याचा फायदा काय, हे तुम्हाला एका दमात सांगता आलं पाहिजे:

- पाण्यावरचा तेलकट तवंग आपोआप खाली जातो, टँक चकाचक दिसतो.
- संपातलं पाणी धरून एकूण पाणी वाढतं, त्यामुळे पाणी लवकर खराब होत नाही.
- फिल्टर, हीटर, वायरी सगळं खाली कपाटात, वर फक्त मासे.
- वरच्या टँकची पातळी कायम सारखी राहते. वाफ होऊन पाणी कमी झालं तर ते संपात कमी दिसतं.

मासे विकणाऱ्या दुकानदाराला किंवा गप्पी, मॉली यांची पैदास करणाऱ्याला आणखी एक फायदा: रॅकवरच्या आठ-दहा टँकना मिळून एकच संप, एकच पंप. पण त्यातला धोकाही सांगून ठेवतो. एका टँकमध्ये रोग आला की सामायिक पाण्यातून तो सगळीकडे जातो. म्हणून नवीन आलेल्या माशांसाठी एक टँक वेगळा, स्वतःच्या स्पंज फिल्टरवर चालणारा हवाच. हे दुकानदाराला तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो.

दोन रस्ते: भोक पाडायचं की पाइप वळवायचा?

पहिला रस्ता: काचेला भोक. टँक रिकामा असताना डायमंड होल-सॉने भोक पाडायचं. ड्रिल हळू फिरवायचं, जोर लावायचा नाही, सतत पाणी टाकत राहायचं. भोकात टँक निपल बसवायचा आणि त्याला पाइप जोडायचा. मात्र काच टफन असेल तर भोक पाडायचा प्रयत्नच करू नका. तिचा एका क्षणात चुरा होतो. काच साधी आहे की टफन याची खात्री नसेल तर ते काम घेऊच नका.

दुसरा रस्ता: पाइपचा सायफन ओव्हरफ्लो. काचेला हात लावायचा नाही. पाइप टँकच्या कडेवरून आतून बाहेर वळवायचा. व्हिडिओत दाखवला तो हाच. स्वस्त आहे, भरलेल्या टँकवरही बसतो, चूक झाली तर पाइप बदलता येतो. शिकण्यासाठी याच्यासारखा गुरू नाही.

पण माझं मत आत्ताच स्पष्ट सांगतो. सायफन स्वतःच्या घरी शिकायला वापरा. ग्राहकाकडे शक्यतो भोक पाडलेला टँकच द्या. कारण सायफनला पाइपमध्ये हवा साठून थांबायची सवय असते. भोकातलं पाणी फक्त उतारावर चालतं, त्याला सुरू करावं लागत नाही.

सायफन ओव्हरफ्लो कसा जोडायचा?

हार्डवेअरच्या दुकानातून एवढं आणा: एक इंची पीव्हीसी पाइप, सात एल्बो, एक टी, सोल्युशन, टेफ्लॉन टेप, एक्सा ब्लेड, आणि फिशटँकच्या दुकानातून हवेची बारीक नळी व तिचा एकमार्गी व्हॉल्व्ह. पितळी फिटिंग घेऊ नका. पितळात तांबं असतं, आणि तांबं कोळंबी-गोगलगायींसाठी विष आहे.

पाण्याचा प्रवास क्रमाने असा:

१. टँकच्या आत एक उभा पाइप, तोंड वर. या तोंडाला एक्सा ब्लेडने कंगव्यासारख्या उभ्या चिरा पाडायच्या. पाणी इथून आत शिरतं, मासे बाहेर राहतात.

२. हा पाइप दहा-पंधरा सेंटीमीटर खाली जातो, दोन एल्बोंनी वळतो आणि परत वर येतो.

३. टँकच्या कडेवरून दोन एल्बोंनी बाहेर पडतो. ही झाली कमान.

४. बाहेर तेवढाच खाली जातो, परत दोन एल्बोंनी वळून वर येतो.

५. वर आल्यावर टी. टीच्या आडव्या तोंडातून पाणी बाहेर पडतं, सातव्या एल्बोने वळतं आणि संपात जातं. टीचं वरचं तोंड उघडं ठेवायचं, त्यात पाइपचा छोटा तुकडा उभा लावायचा.

आता यातली खुबी बघा. आतला आणि बाहेरचा, असे दोन वाकडे भाग आहेत. बाथरूमच्या बेसिनखालच्या वाकड्या पाइपमध्ये जसं पाणी अडून राहतं, तसं या दोन्हींत पाणी अडून राहतं. त्यामुळे पंप बंद झाला, टँकची पातळी उतरली, तरी कमानीतलं पाणी जागेवर राहतं, हवा शिरत नाही. पंप परत सुरू झाला की पातळी वाढते आणि पाणी आपोआप वाहायला लागतं. टीचं वरचं तोंड बुचाने बंद केलंत तर खाली जाणारी धार बाहेरच्या वाकड्या भागातलं पाणी ओढून घेते आणि सायफन तुटतो. हे नवशिक्यांकडून हमखास होतं, कारण उघडं तोंड बघून "इथून पाणी उडेल" अशी भीती वाटते.

बाहेरच्या टीची आतली कड, आतल्या चिरांच्या खालच्या टोकापेक्षा साधारण दीड-दोन सेंटीमीटर खाली ठेवा. टँकची पातळी मग चिरांच्या खालच्या टोकाशी येऊन थांबते.

कमानीच्या सर्वात वरच्या जागी बारीक भोक पाडून हवेची नळी घट्ट बसवा आणि तिच्यावर एकमार्गी व्हॉल्व्ह लावा. सुरुवातीला याच नळीतून सिरिंजने हवा ओढून घ्यायची, म्हणजे कमान पाण्याने भरते. पुढेही इथेच हळूहळू हवेचे बुडबुडे साठतात. प्रवाह मंद असेल तर जास्त साठतात, कारण बुडबुडे वाहून न्यायला पाण्याला वेग लागतो. म्हणून "मोठा पाइप म्हणजे सुरक्षित" असं सायफनमध्ये नसतं. गरज नसताना दोन इंची पाइप घातलात तर पाणी रेंगाळतं आणि हवा साठते.

आणि एक नियम: सोल्युशन लावायच्या आधी सगळं कोरडं जोडून बघायचं. मार्करने प्रत्येक जोडावर रेघ मारायची, मग एक-एक जोड उघडून सोल्युशन लावायचं. सोल्युशन लागलं की तो एल्बो परत मिळत नाही. माझ्या पहिल्या तीन प्रयत्नांतले अर्धे एल्बो कचऱ्यात गेले. पंपाजवळ मात्र युनियन लावा, म्हणजे पंप साफ करायला पाइप कापावा लागणार नाही. सोल्युशन लावल्यावर एक दिवस वाळू द्या, मग पाइप धुऊन घ्या, मगच पाणी आणि मासे.

आता खरा हिशोब

उदाहरण म्हणून टँक घेऊ ९० × ४५ × ४५ सेंटीमीटर. गुणाकार करून हजाराने भागा: साधारण १८२ लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे नुसतं पाणीच १८२ किलो. स्टँड ठरवताना हे विसरू नका.

आता सर्वात कामाचा आकडा: या टँकमध्ये एक सेंटीमीटर पाणी म्हणजे किती लिटर? ९० × ४५ = ४०५०, म्हणजे ४.०५ लिटर. हा आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

संप घेऊ ६० × ३० × ३० सेंटीमीटरचा. कप्प्यांच्या काचा २० सेंटीमीटर उंच. शेवटचा, पंपाचा कप्पा २० × ३० सेंटीमीटरचा आणि त्यात पाणी १५ सेंटीमीटर, म्हणजे ९ लिटर.

*प्रश्न पहिला: लाइट गेली तर खाली किती पाणी येईल आणि ते मावेल का?*

संपात रिकामी जागा किती? वरचे १० सेंटीमीटर म्हणजे १८ लिटर, अधिक पंपाच्या कप्प्यातले ५ सेंटीमीटर म्हणजे ३ लिटर. एकूण २१ लिटर.

वरून किती येईल? चालू असताना पाणी चिरांच्या खालच्या टोकाच्या ३ सेंटीमीटर वर असेल, तर ३ × ४.०५ म्हणजे साधारण १२ लिटर. पाइपमधलं २ लिटर धरा. एकूण १४. जागा २१ लिटर. मावलं.

आता माझी चूक बघा. वर जाणाऱ्या पाइपचं तोंड मी पाण्यात ८ सेंटीमीटर खाली ठेवलं होतं. लाइट गेली, पंप थांबला, आणि तोच पाइप उलटा सायफन झाला. त्याने ८ सेंटीमीटर पाणी खाली ओढलं: ८ × ४.०५ म्हणजे ३२ लिटरच्या वर. पाइपमधलं धरून ३४. जागा २१. उरलेलं १३ लिटर फरशीवर.

पुढे काय झालं तेही बघा. लाइट परत आली, पंप सुरू झाला. वरचा टँक आणि पाइप भरायला ३४ लिटर हवेत. पण १३ लिटर तर फरशीवर गेलेत. संपातलं पंपाच्या हाती लागणारं पाणी उरलं ३० लिटर: काचांच्या वरचं १८ आणि पंपाच्या कप्प्यातलं १२. म्हणजे टँक पूर्वीच्या चालू पातळीपर्यंत भरायच्या आतच पंपाचा कप्पा रिकामा. पंप कोरडा फिरत राहिला आणि जळला. एका न पाडलेल्या भोकाने फरशी, कपाट आणि पंप, तिन्ही गेले.

उपाय स्वस्त आहे. पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जवळच ठेवा, आणि पातळीच्या जरा खाली पाइपला चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी भोकाच्या खाली आली की हवा शिरते, सायफन तुटतो. भोकात शेवाळ साठतं, म्हणून महिन्यातून एकदा काडी घालून साफ करा. नुसत्या एकमार्गी व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. त्यात एखादं पान किंवा गोगलगाय अडकली की तो बंद होत नाही.

*प्रश्न दुसरा: ओव्हरफ्लो तुंबला आणि पंप चालूच राहिला तर?*

मग पंप आपल्या कप्प्यातलं ९ लिटर वर टाकेल. टँकमध्ये काठापर्यंत ४ सेंटीमीटर मोकळे असतील तर १६ लिटर जागा आहे. ९ लिटर मावतात. टँक वाहत नाही, पण पंप कोरडा पडतो. म्हणून कोरडा पडल्यावर स्वतः बंद होणारा पंप मिळाला तर घ्या. पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा तो यासाठीच. "मोठा कप्पा ठेवू, सारखं पाणी घालायला नको" असं ग्राहक म्हणेल. त्याला हा हिशोब दाखवा.

*प्रश्न तिसरा: पंप केवढा?*

गोड्या पाण्याच्या साध्या टँकसाठी मी तासाला चार-पाच वेळा पाणी फिरेल असं धरतो. १८२ लिटरला साधारण ९०० लिटर. पण खोक्यावर छापलेला आकडा हा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. मीटरभर उंच चढवलं की तो बराच कमी होतो. म्हणून मोजा. पंपाचा पाइप प्रत्यक्ष उंचीवर धरा आणि वीस लिटरची बादली किती सेकंदात भरते ते बघा. ८० सेकंद लागले तर तासाला ९०० लिटर. ६० सेकंद लागले तर १२००.

ओव्हरफ्लोचीही अशीच बादली-परीक्षा घ्या. पंप देतो त्याच्या दुप्पट पाणी ओव्हरफ्लोला सहज वाहून नेता आलं पाहिजे. इंटरनेटवरचे तक्ते बघा, पण विश्वास बादलीवर ठेवा.

संपातलं गाळण: आधी कचरा, मग बॅक्टेरिया

पाइपचं काम जमलं की लोकांना वाटतं झालं. पण मासे पाइपमुळे जगत नाहीत, फिल्टरमुळे जगतात.

पहिल्या कप्प्यात फोम किंवा फिल्टर कापड, ज्यात विष्ठा आणि उरलेलं खाणं अडकेल. हे दर आठवड्याला धुवायचं. दुसऱ्या कप्प्यात बॅक्टेरियांचं घर: सिरॅमिक रिंग, लाव्हा दगड, किंवा पैसे वाचवायचे असतील तर भांडी घासायच्या साध्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या. साबण लावलेल्या किंवा तारेच्या नकोत. तिसरा कप्पा पंपाचा.

माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे बॅक्टेरिया बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी टँक भरून मासे सोडणारा ग्राहक पंधरा दिवसांत तुम्हालाच फोन करणार: "तुमच्या फिल्टरने मासे मेले." तुमची चूक नसली तरी नाव तुमचंच. त्याला आधीच लिहून द्या: पहिल्या महिन्यात मोजके मासे, कमी खाणं.

दुसऱ्या कप्प्यातलं सामान नळाच्या पाण्याने कधीच धुवू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बॅक्टेरिया मारतं. टँकमधलंच बादलीभर पाणी काढा, त्यात हलकेच विसळा.

विजेची काळजी

इथे मस्करी नाही. पाणी आणि वीज एकाच कपाटात आहेत.

- प्रत्येक वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला गळतं, सॉकेटमध्ये जात नाही.
- ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी नसेल तिथे काम करू नका. इलेक्ट्रिशियनकडून आधी बसवून घ्या.
- एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळाला कधीच ठेवू नका. भिंतीला वर लावा.
- पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद करून प्लग काढा. दर वेळी.

सात दिवसांची परीक्षा

आता त्या तरुणाला काय सांगितलं ते ऐका. मासे नसलेल्या टँकवर, स्वतःच्या घरी, सात दिवस. रोज वहीत नोंद.

दिवस पहिला: पाणी भरून नुसतं ठेवा. जोडांखाली वर्तमानपत्र पसरा. बारीक गळती डोळ्याला दिसत नाही, कागदावर दिसते.

दिवस दुसरा: पंप चालू. बादलीने प्रवाह मोजा. चालू असतानाची पातळी टेपने दोन्ही टाक्यांवर खूण करा.

दिवस तिसरा: दहा वेळा प्लग काढा, दहा वेळा लावा. कधी एक मिनिटाने, कधी एका तासाने. दर वेळी संप किती वर आला, ओव्हरफ्लो स्वतः सुरू झाला का, लिहा. दहापैकी नऊ वेळा सुरू झाला तर तो नापास आहे. ग्राहकाकडे तुम्ही नसणार.

दिवस चौथा: मुद्दाम बिघडवा. चिरांवर कापड गुंडाळून ओव्हरफ्लो तुंबवा आणि बघा टँक काठावरून वाहतो का. उलट्या सायफनचं भोक बोटाने दाबून प्लग काढा आणि पाणी कुठवर जातं बघा. फरशी पुसायला फडकं घेऊनच बसा.

दिवस पाचवा: आवाज. रात्री सगळे झोपल्यावर ऐका. गुडगुड किंवा संडासच्या फ्लशसारखा आवाज येत असेल तर पाइपमध्ये हवा आणि पाणी भांडतायत. टीच्या वरच्या तुकड्यावर बारीक भोक पाडलेलं टोपण लावा, भोकाचा आकार थोडा-थोडा वाढवत आवाज कमी होईल तिथे थांबा. भोक अजिबात नाही असं मात्र करू नका. पाण्याची धार संपात वरून पडत असेल तर पाइपचं टोक पाण्याच्या जेमतेम खाली घ्या. शयनगृहातला टँक आवाजामुळे परत येतो, गळतीमुळे नाही.

दिवस सहावा आणि सातवा: हात लावू नका. बाहेरगावी गेलात असं समजा. कमानीत हवा साठते का, फक्त बघा.

सात दिवस पास झाला, तर आता तुमच्याकडे विकण्यासारखी वस्तू आहे.

भाव कसा सांगायचा?

बरेच जण फक्त सामानाची बेरीज करून वर पाचशे रुपये टाकतात आणि म्हणतात "धंद्यात काही उरत नाही." कसं उरेल? कोटेशनमध्ये हे पाच भाग धरा:

१. सामान, अधिक वाया जाणाऱ्या फिटिंगसाठी थोडी रक्कम.
२. तुमचे तास: मोजमाप, कापणं-जोडणं, घरची परीक्षा, बसवणं. तुमचा तासाचा दर आधी ठरवा.
३. जाण्या-येण्याचा खर्च. टँक रिक्षात मावत नाही.
४. दोन फुकट फेऱ्या: आठवड्याने एक, महिन्याने एक. फुकट ग्राहकाला, तुम्हाला नाही. त्यांचे पैसे आधीच भावात धरा.
५. चुकीचा फंड. प्रत्येक ऑर्डरमधून थोडी रक्कम वेगळ्या डब्यात. माझ्यासारखं प्लायवूड फुगलं तर खिशातून जायला नको.

ग्राहकाला चालवायचा खर्चही सांगा. ३५ वॉटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला साधारण २५ युनिट. त्याच्या वीजबिलाच्या दराने गुणून त्याच्यासमोर लिहून दाखवा. बिल आल्यावर त्याला धक्का बसण्यापेक्षा आधी तुम्ही सांगितलेलं बरं.

आणि खरी नियमित कमाई बसवण्यात नाही, देखभालीत आहे. महिन्यातून दोन फेऱ्या, फोम धुणं, चिरा साफ करणं, भोकात काडी घालणं, थोडं पाणी बदलणं. असे दहा ग्राहक झाले की महिन्याचा पाया पक्का होतो. पण दहा ग्राहक तेव्हाच टिकतात, जेव्हा रात्री लाइट गेल्यावर त्यांच्या फरशीवर पाणी येत नाही.

नाही म्हणायला शिका

काच टफन आहे की नाही हे कळत नाही: नाही. स्टँड डुगडुगतं आणि ग्राहक म्हणतो "चालतंय हो": नाही. आरसीसीबी नाही आणि बसवायचाही नाही: नाही. "रविवारी पाहुणे येणार आहेत, तोवर काहीही करून चालू करा": नम्रपणे नाही. एक गेलेली ऑर्डर परत मिळते, गेलेलं नाव मिळत नाही.

त्या तरुणाने ग्राहकाला फोन करून आठवडाभराची मुदत मागितली. ग्राहक जरा कुरकुरला, पण थांबला. तिसऱ्या दिवशी त्याचा मला मेसेज आला: "सर, दहापैकी तीन वेळा ओव्हरफ्लो सुरूच झाला नाही. हवेच्या नळीचा व्हॉल्व्ह उलटा लावला होता." बघा, तो व्हॉल्व्ह त्या रविवारी ग्राहकाच्या हॉलमध्ये लागला असता.

या आठवड्याचं काम

तुमच्याकडे टँक नसला तरी चालेल. दोन प्लास्टिकच्या बादल्या, थोडा पाइप आणि एक छोटा पंप घ्या. वरच्या बादलीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे किती लिटर ते मोजा, खालच्या बादलीत किती जागा आहे ते मोजा, आणि प्लग काढायच्या आधी वहीत लिहा की पाणी कुठवर येईल. मग प्लग काढा.

तुमचा आकडा आणि पाण्याची पातळी जुळली, तर पहिली ऑर्डर घ्यायला हरकत नाही. नाही जुळली, तर फडकं आपल्याच घरचं आहे. पुसा आणि परत मोजा.